भाच्याची उंची आणि कर्जाचा विमा

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

मी पोस्टातून रिटायर झालेला माणूस. ३४ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली, त्यामुळे फॉर्म भरला कोणी आणि सही केली कोणी हे दोन वेगळे प्रश्न असतात हे मला कोणी शिकवायची गरज नाही. पण गेले आठ-नऊ महिने काउंटरच्या बाहेर उभा राहून जे पाहून राहिलो ते वाचकांपर्यंत जावं म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त उंचीचा भाग तेवढा कापू नका.

माझा भाचा, बहिणीचा एकुलता एक, नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत सुपरवायझर होता. ऑगस्ट २०२२ मध्ये बेसा साइडला टू बीएचके घेतला, २४ लाखांचं होम लोन, २० वर्षांसाठी. सह्या करायला गेला त्या दिवशी बँकेतल्या पोराने सांगितलं की सर, लोन प्रोटेक्शनचा इन्शुरन्स घ्यावाच लागते, उद्या तुम्हाला काही झालं तर फ्लॅट मॅडमच्या नावाने फ्री, एक हप्ता भरायचा नाही. प्रीमियम १ लाख १२ हजार, एकरकमी, पण आत्ता खिशातून काही द्यायचं नाही, लोनमधेच ॲड होऊन जाईल. झालं, २४ चं लोन २५ लाख १२ हजारांचं झालं आणि हप्ता पडला २१,८०० च्या आसपास. मी मागाहून कागद पेन्सिल घेऊन बसलो. साडेआठ टक्क्याने त्या प्रीमियमचेच महिन्याला ९७० रुपये जातात, २० वर्षांत होतात २ लाख ३३ हजार. प्रीमियमवर पण व्याज घेऊन राहिले बाप्पा, हे त्या पोराने सांगितलं नाही आणि भाच्यानेही विचारलं नाही.

आता "घ्यावाच लागते" हे खरं आहे का, तर नाही. होम लोन घ्यायचं तर जीवन विमा काढलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, आणि अमुक कंपनीचाच काढा अशी सक्तीही बँकेला करता येत नाही. पण बिल्डरचं डिमांड लेटर डोक्यावर, फाइल त्या पोराच्या टेबलावर, कोण वाद घालते तिथे. भाच्याने पेनाच्या खुणा जिथे जिथे केल्या होत्या तिथे तिथे सह्या केल्या, किती तर एकवीस. घरी येऊन मलाच हसत सांगत होता, मामा एवढ्या सह्या तं लग्नात पण नाही केल्या.

मे २०२५ मध्ये एका सकाळी कूलरमध्ये पाणी भरता भरता त्याच्या छातीत दुखायला लागलं. ४३ वर्षांचा पोरगा. ऑटोत टाकून हॉस्पिटलला नेईस्तोवर खेळ संपला होता. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने भाचसुनेला दोन-तीन प्रश्न विचारले, त्यातला एक होता, बीपी होता का यांना? ती म्हणाली हाव, गोळी चालू होती. किती वर्षांपासून? ती म्हणाली, तीनेक वर्ष झाले असतील. डॉक्टरचा दोष नाही, त्यांचं कामच ते, त्यांनी कागदावर लिहिलं, हायपरटेन्शन तीन वर्षांपासून. नवरा स्ट्रेचरवर पडलेला असताना बाई कॅलेंडर पाहून थोडीच सांगणार आहे? पण हे "तीनेक वर्ष" लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

तेरवी झाल्यावर आम्ही बँकेत गेलो. ज्या पोराने विमा विकला होता तो केव्हाच दुसऱ्या बँकेत निघून गेला होता. मॅनेजर साहेब चांगले बोलले, पाणी दिलं, आणि म्हणाले की क्लेमचं आमच्याकडे काही नाही, ते इन्शुरन्स कंपनीचं. कंपनीच्या टोल फ्रीला फोन लावला तर आधी इंग्लिशसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, मराठीसाठी काहीच दाबायची सोय नाही, आणि शेवटी जी बाई आली ती म्हणाली की ही ग्रुप पॉलिसी आहे, क्लेम बँकेमार्फतच यावा लागतो, बँकेचा शिक्का लागतो. परत बँक. असे आम्ही जूनच्या उन्हात चार चकरा मारल्या, त्यातली एक चौथा शनिवार विसरल्यामुळे फुकट गेली, ती आमची चूक.

इथे वाचकांना एक गोष्ट समजावून सांगतो, कारण मलाही ती तेव्हाच कळली. हा जो लोनसोबतचा विमा असतो त्यात बहुतेक वेळा पॉलिसी आपल्या नावाची नसतेच. मास्टर पॉलिसी बँकेच्या नावाची असते, आपण तिच्यातले एक मेंबर. आपल्याला मिळते ते सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स. कर्ज जसजसं कमी होते तसतसा कव्हरही कमी होत जातो, त्याचा एक तक्ता सर्टिफिकेटसोबत असतो. क्लेम पास झाला तर आधी बँकेचं बाकी कर्ज फिटते आणि काही उरलं तरच नॉमिनीला. म्हणजे पॉलिसी बँकेची, कमिशन बँकेला, पैसे पहिले बँकेला, आणि धावपळ मात्र विधवा बाईने करायची. मला हे गणित अजूनही पटलेलं नाही.

सर्टिफिकेट घरात सापडलं नाही. ईमेलवर पाठवलं होतं म्हणे, तीन वर्षांपूर्वीच्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड फक्त भाच्यालाच माहीत होता. डुप्लिकेट काढायला १८ दिवस लागले. मग महानगरपालिकेचा मृत्यू दाखला, कॅज्युअल्टीचा कागद, फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट, कंपनीचं हजेरी आणि रजेचं पत्र, लोन स्टेटमेंट, सगळ्यांचे झेरॉक्स, सगळ्यांवर सह्या. जूनच्या शेवटी फाइल गेली. नियम असा आहे की डेथ क्लेममध्ये चौकशीची गरज नसेल तर १५ दिवसांत आणि चौकशी करायची असेल तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा, हे आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये ठरवलेलं आहे, आणि उशीर झाला तर बँक रेटवर २ टक्के जास्त धरून व्याज द्यायचं. आमचं पत्र आलं ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात एक चौकशीवाला घरी आला, चहा घेतला, भाच्याचा फोटो पाहिला आणि दारू पीत होते का असं त्याच्या म्हाताऱ्या आईला विचारून गेला.

आणि हप्ते? ते चालूच होते. क्लेम पेंडिंग आहे म्हणून खात्यातून आपोआप होणारी कपात थांबत नाही. पहिले दोन हप्ते खात्यातल्या पैशातून गेले, तिसऱ्याला भाचसुनेने बांगड्या गोल्ड लोनला ठेवल्या. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जाच्या यादीत जमा, होते हे बँकेनेच तिला सांगितलं, म्हणजे ज्या हप्त्यापासून वाचण्यासाठी विमा घेतला तो हप्ता भरायला दुसरं कर्ज काढायचं. वसुलीवाल्यांचे फोन वेगळे.

ऑक्टोबरच्या पत्रात लिहिलं होतं की विमेदाराला पॉलिसीच्या आधीपासून हायपरटेन्शन होता आणि त्याने हेल्थ डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे तब्येतीच्या माहितीच्या फॉर्ममध्ये, तो लपवला, सबब क्लेम नामंजूर. मे २०२५ मधून "तीनेक वर्ष" वजा करा, येते मे २०२२. लोन ऑगस्ट २०२२ चं. तीन महिन्यांचा खेळ! पहिली गोळी लिहून दिल्याचा फॅमिली डॉक्टरचा कागद आमच्याकडे आहे, तो फेब्रुवारी २०२३ चा आहे, आम्ही तो फाइलला लावलाही होता. त्याचा पत्रात उल्लेखच नाही. बीपीचा आणि हार्टचा संबंध नाही असं म्हणायला मी काही खुळा नाही. भांडण तारखेचं आहे, आणि कंपनीकडे तारखेचा पुरावा म्हणून फक्त एका रडणाऱ्या बाईचं अंदाजे उत्तर आहे.

मग मी म्हटलं ते हेल्थ डिक्लेरेशन तरी दाखवा. बँक म्हणे कंपनीकडे, कंपनी म्हणे बँकेकडे. लेखी अर्ज, पोच, रिमाइंडर, पुन्हा पोच (पोस्टातला माणूस असल्याने स्पीड पोस्टाचा मला कंटाळा नाही). दोन महिन्यांनी एक स्कॅन कॉपी आली. मी भिंग घेऊन बसलो. चौदा प्रश्न, सगळ्यांसमोर "नाही" च्या चौकटीत टिक, सगळ्या टिका एकाच तिरक्या झटक्यात, वरून खाली. मी हजारो मनीऑर्डर फॉर्म पाहिलेत, माणूस स्वतः वाचून टिक करतो तेव्हा कुठेतरी थांबतो, एखादी टिक मोठी होते, एखादी चौकटीबाहेर जाते. इथे कोणी थांबलेलंच नव्हतं. आणि वरच्या रकान्यात लिहिलेलं, वजन ७० किलो, उंची १७८ सेंटिमीटर.

१७८! संपादक साहेब, आमचा भाचा माझ्या कानापर्यंत येत होता आणि मी काही अमिताभ बच्चन नाही. तरुणपणी तो पोलीस भरतीला गेला होता, १६५ सेंटिमीटर लागते, तिथे उंचीतच बाहेर निघाला, घरात वर्षभर त्याला यावरून चिडवत होतो आम्ही. जो माणूस उंचीपायी पोलिसात गेला नाही तो स्वतःच्या हाताने १७८ लिहील का? ती उंची त्या बँकेतल्या पोराने मनाने टाकली, कदाचित त्याची स्वतःचीच असेल, आणि खालच्या चौदा टिकाही त्यानेच मारल्या. भाच्याने केली फक्त सही, एकवीस पैकी एक. आता कंपनी म्हणते सही आहे म्हणजे सगळं त्याला मान्य. बरं, मग उंचीही मान्य करा आणि सांगा की आमच्या रेकॉर्डप्रमाणे मेलेला माणूस दुसराच कोणीतरी होता!

कायदा काय म्हणतो ते मी वाचलं. विमा कायदा १९३८, कलम ४५. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने ती पॉलिसी खोटी ठरवता येत नाही. भाचा गेला दोन वर्षं नऊ महिन्यांनी, तीनच महिने कमी पडले, नशीब दुसरं काय. पण तीन वर्षांच्या आत असलं तरी कंपनीला मोकळं रान नाही. लपवलेली गोष्ट महत्त्वाची होती, ती माहीत असती तर आम्ही विमा दिलाच नसता, हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे. आणि फसवणूक नसेल, नुसती चुकीची माहिती म्हणून नाकारत असाल तर घेतलेला प्रीमियम ९० दिवसांत परत करायचा, असं त्याच कलमात आहे. आमच्या पत्रात फसवणूक हा शब्द नाही आणि प्रीमियम परत करायचाही शब्द नाही. १ लाख १२ हजार कुठे आहेत ते विचारलं तर उत्तर येते की युवर क्वेरी इज अंडर प्रोसेस.

हे एकट्या भाच्याचं असतं तर घरातच रडून मोकळे झालो असतो. पण मानेवाड्याच्या बागेत सकाळी आमचा जो म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो तिथे हे सांगितलं तर प्रत्येकाकडे एक किस्सा निघाला. एकाच्या शेजाऱ्याचं लोन १५ वर्षांचं पण विमा फक्त ५ वर्षांचा, तो सातव्या वर्षी गेला, घरच्यांना वाटत होतं विमा आहे. दुसऱ्याचा मुलगा आयटीत, त्याच्या लोनसोबत नोकरी गेली तर तीन हप्ते कंपनी भरेल असा कव्हर होता, नोकरी खरंच गेली, पण एचआरने बसवून राजीनामा लिहून घेतला, आणि पॉलिसीत लिहिलेलं की राजीनामा दिला तर कव्हर नाही. आजकाल काढून टाकतात ते असंच काढतात नं, हातात नारळ देऊन टर्मिनेशन लेटर कोण देते? तिसऱ्याने सांगितलं की त्याने लोन दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर केलं तेव्हा जुन्या विम्याचा उरलेल्या काळाचा पैसा परत मागता येतो हे त्याला माहीतच नव्हतं, चार वर्षं झाली त्याला. गंभीर आजाराच्या कव्हरबद्दल तर बोलूच नका, यादीत आजाराचं नाव असते पण तो किती वाढलेला पाहिजे आणि निदान झाल्यावर पेशंट किती दिवस जगला पाहिजे हे बारीक अक्षरात.

अर्थमंत्री सीतारामन यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकवाल्यांसमोरच सांगितलं होतं की विमा चुकीच्या पद्धतीने विकल्याने कर्ज घेणाऱ्याचा खर्च आडून वाढतो. अगदी बरोबर, ९७० रुपये महिना. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यायला लावलं आहे, त्यात विम्याचे पैसे धरून खरा वार्षिक दर दाखवावा लागतो. चांगली गोष्ट आहे, भाच्याच्या वेळी असती तर त्याने निदान आकडा तरी पाहिला असता. पण क्लेमच्या वेळी काय होते त्याचं उत्तर त्या कागदात नाही. इंग्लंडमध्ये असाच कर्जाचा विमा लोकांच्या गळ्यात बांधला होता, पीपीआय म्हणतात त्याला, तिथे तक्रारी इतक्या झाल्या की २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरवावी लागली आणि तोपर्यंतच्या तक्रारींपोटी बँकांना ३,८०० कोटी पौंडांच्या वर परत करावे लागले. आपल्याकडे लोक तक्रारच करत नाहीत, सही केली नं आपण, मग आता काय, असं म्हणून गप्प बसतात.

आम्ही बसलो नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, ते लिहिल्याशिवाय पुढे कोणी ऐकत नाही. आयआरडीएआयच्या विमा भरोसा या तक्रारीच्या पोर्टलवर टाकलं, १५५२५५ वर फोन करूनही टाकता येते, तिथल्या बाईने व्यवस्थित ऐकून घेतलं हे सांगितलं पाहिजे. कंपनीने तेच पत्र नव्या तारखेने पाठवलं. मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात, फक्त कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं. नागपूरची प्रकरणं पुण्याला जातात, पण सुनावणी व्हिडिओवर होते म्हणून जायचा खर्च वाचला. निकाल आपल्या बाजूने लागला तर कंपनीवर बंधनकारक असतो, विरोधात गेला तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. बँकेने खोटं सांगून विकलं याची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे वेगळी करावी लागते. एका फॉर्मसाठी दोन लोकपाल! तरी केली.

माझं बँकांना एवढंच म्हणणं आहे की फॉर्म भरायला पोरगा बसवता तर त्या पोराचं नाव आणि सही पण त्या फॉर्मवर घ्या, पोस्टात एजंटच्या प्रत्येक फॉर्मवर एजंटचा कोड असायचा. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स त्याच दिवशी कर्जदाराच्या हातात द्या, मराठीत, ईमेलवर नाही. हल्ली तर फॉर्मही नाही, मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो सांगितला की चौदा प्रश्नांची उत्तरं दिली असं धरतात. पॉलिसी नको असेल तर परत करायला आता ३० दिवस मिळतात म्हणे, पण कागद डोळ्यांनी दिसला तर परत करेल नं माणूस. आणि क्लेम पेंडिंग असेपर्यंत निदान वसुलीचे फोन तरी थांबवा, पॉलिसी तुमच्याच नावाची आहे.

वाचकांपैकी ज्यांचं लोन चालू आहे त्यांनी बँकेत जाऊन आपल्या हेल्थ डिक्लेरेशनची कॉपी मागावी. उंची पाहावी. मी चेष्टा नाही करून राहिलो. चूक दिसली तर जिवंतपणीच लेखी कळवून पोच घ्यावी. आणि ज्यांना अजून लोन घ्यायचं आहे त्यांनी आपल्या नावाचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे ठरावीक वर्षांचा नुसता जीवन विमा, बाहेरून काढता येतो का ते आधी पाहावं, त्यात पैसे नॉमिनीच्या हातात येतात. (माझ्या घरात कोणी विमा एजंट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

आमची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. भाच्याच्या कंपनीतल्या टाइम ऑफिसवाल्यांनी मोठी मदत केली, जुन्या फाइलीतून त्याचं मेडिकल चेकअपचं ओरिजिनल कार्ड काढून दिलं. जुलै २०२२, लोनच्या एक महिना आधीचं. बीपी १२४/८२. उंची १६२. कार्ड कोपऱ्यावर फाटायला आलं आहे म्हणून मी परवा ते लॅमिनेट करायला निघालो होतो तर भाचसुनेने हातातून घेतलं, म्हणाली, मामाजी राहू द्या, लॅमिनेट केलेलं ओरिजिनल चालत नाही म्हणतील ते.

आपला एक जुना वाचक,
हुडकेश्वर रोड, नागपूर